घरफाळा आणि जरगनगरची रांग

(पहिले पंधरा सेकंद निवेदन नाही, फक्त रांग)

चटया, थर्मास, पसरलेले पेपर आणि त्यावर बसलेली माणसं. पहाटेचे साडेचार वाजलेत, आज गुढीपाडवा, घरी गुढी उभी करायची सोडून ही माणसं कोल्हापूरच्या जरगनगरात येऊन बसल्यात, काहीजण तर रात्रीपासनंच, आणि हे सगळं कशासाठी तर पोरांच्या प्रवेशासाठी. शाळा महापालिकेची हं. लक्ष्मीबाई जरग विद्यामंदिर, मराठी माध्यम. स्कॉलरशिपच्या यादीत हितली पोरं असतातच, म्हणून इंग्लिश मीडियमची फी ज्यांना सहज परवडेल असे पण हितं लायनीत दिसतात. आणि दुसरीकडं शहरात मागणी काय, तर घरफाळा, म्हणजे घरपट्टी, माफ करा. मग अशा शाळेचा खर्च कुठनं भागायचा, तेच बघायला निघालोय.

हा टोपीवाला गडी पाचगावचा. पाचगाव म्हणजे चार पावलं पुढं गेलं की आलंच, पण ते शहराच्या हद्दीबाहेर, तिथली घरपट्टी जाते ग्रामपंचायतीला. 1972 ला कोल्हापूरची महापालिका झाली आणि तेव्हापासून हद्दवाढीचं भांडण चालूच आहे, गावं म्हणतात शहरात आलो की फाळा वाढणार. मग पोरगं मात्र शहराच्या शाळेत कसं, असं त्याला विचारलं तर तो नुसता हसला. ते हसणं आम्ही कापलं नाही.

(दसरा चौक, सकाळ)

शाहू महाराजांचा पुतळा मागनं घेतलाय कारण समोरनं त्या दिवशी मंडप होता. तरी बघा, चौकाच्या आजूबाजूला अजून ती बोर्डिंगं उभी आहेत, वेगवेगळ्या समाजाच्या पोरांना शहरात राहून शिकता यावं म्हणून राजर्षी शाहू महाराजांच्या काळात निघालेली, पहिलं 1901 चं. आणि 1917 ला महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत धाडलं नाही तर बापाला महिन्याला 1 रुपया दंड, त्या काळचा रुपया! सक्ती म्हटली की मास्तर पाहिजेत, जागा पाहिजे, मग देवळं वापरा, चावड्या वापरा, धर्मशाळा वापरा, पण शाळा भरली पाहिजे. सुरुवात झाली ती करवीरमधल्या चिखलीतनं. या भागावर आम्ही जास्त वेळ घेतलाय हे मान्य आहे, पण कोल्हापुरात शाळेचा विषय काढायचा आणि दसरा चौकातनं न जाता पुढं जायचं हे काय जमलं नाही.

(बिलाचा क्लोजअप, नाव आणि पत्ता झाकलाय)

हे घरफाळ्याचं बिल. ही ओळ वाचा, शिक्षण कर. ज्याला ज्याला दाखवली तो म्हणाला, हां, म्हणजे आमच्या पेठेतल्या शाळेला जातो की. नाही जात. तो 1962 च्या कायद्यानं आलेला राज्याचा कर, महापालिका फक्त गोळा करते आणि सरकारकडं भरते. मनपाच्या शाळांना सरकारकडनं पगाराचा वाटा येतो, बाकीचं, म्हणजे पगाराचा उरलेला हिस्सा, पत्रे, फरशी, लाईटबिल, हे महापालिकेनं स्वतःच्या तिजोरीतनं बघायचं.

(शिरोली नाका, ट्रक)

जुनं जकातीचं फुटेज मिळालं नाही, म्हणून हे ट्रक. जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, होती तोवर रोज रोख पैसा यायचा. 2011 ला जकात गेली, त्याच्या जागी एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, 2015 ला तो पण बहुतेकांचा माफ झाला, आता जीएसटीच्या भरपाईचा चेक वरनं यायची वाट बघायची. स्वतः वसूल करता येईल असं हातात उरलं काय तर घरफाळा, पाणीपट्टी, बांधकाम परवान्याचे पैसे. आणि त्यातल्या घरफाळ्यावरच सगळ्यांचा डोळा. मुंबईत 2022 पासून 500 चौरस फुटापर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला, मग आमचा का नको, हा प्रश्न हितं चहाच्या टपरीवर पण ऐकायला मिळतो, आणि चुकीचा पण नाही तो, दीड खोलीच्या घराला फाळा भरणं सोपं नाही.

हे आजोबा पण रांगेतलेच, नातवासाठी आलेत. निवृत्त फौजी. 2020 ला सरकारनं माजी सैनिकांच्या घराचा कर माफ केला त्यात त्यांचा पण झाला. म्हणाले, "मला माफ हाय, पोरगा त्याच्या फ्लॅटचा भरतोय, त्याचा पण माफ करा म्हणून मी काय सांगणार न्हाई." कॅमेरा बंद केल्यावर अजून एकदा तेच म्हणाले.

तिकडं अमेरिकेत कॅलिफोर्नियात 1978 ला लोकांनी मतदान करून मालमत्ता कर घराच्या किमतीच्या 1 टक्क्यावर बांधून टाकला, शाळांचा मोठा भार त्याच करावर होता, तो मग राज्याच्या तिजोरीवर गेला. हितं माफी झाली तर पत्र्याचे आणि फरशीचे पैसे कुणी द्यायचे, ते माफीच्या घोषणेच्या डिजिटल बोर्डवर लिहिलेलं नसतं.

(गेट)

शिपाई आला, कुलूप काढतोय. चटया गुंडाळल्या. आजोबांचा नंबर अकरावा.