माणसाळलेला वाघ

[दृश्य: भायखळा, राणीची बाग. रविवार दुपार. वाघाच्या काचेसमोर गर्दी.]

निवेदन:
‘ए, इकडे बघ ना!’ कुणी काचेवर थापा मारतंय, कुणी मोबाइल चिकटवून उभं आहे. आणि दर दोन मिनिटांनी एक वाक्य ऐकू येतंच: ‘किती शांत आहे नाही?’

शांत आहे, कारण पोट भरलंय आणि दुपारची वेळ आहे. गाय, कुत्रा हे हजारो वर्षं पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या दारात घडत गेले. वाघाचं तसं कधी झालंच नाही. पिंजऱ्यात जन्मला, तरी आत वाघच असतो.

[दृश्य: लास वेगासची रात्र, दिव्यांच्या पाट्या.]

३ ऑक्टोबर २००३. जादूगार रॉय हॉर्न यांचा एकोणसाठावा वाढदिवस. सोबत मान्टेकोर हा पांढरा वाघ, बछडा असल्यापासून त्यांच्याच हाताखाली वाढलेला. भर प्रयोगात त्यानं हॉर्नना मानेला धरून फरफटत नेलं. ते वाचले, पण शरीराची एक बाजू लुळी पडली. ‘वाघ मला वाचवत होता,’ असं ते पुढं सांगत राहिले.

खरंही असेल. पण वाघीण पिल्लाला मानेला धरते, तेव्हा हाती सैल कातडं येतं. आपल्या मानेत त्या जागी धमन्या आणि मणके आहेत. माया असो वा भूक, सुळे तेच. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात सप्टेंबर २०१४ मध्ये खंदकात पडलेल्या तरुणालाही विजय नावाच्या पांढऱ्या वाघानं मानेलाच धरलं. तो वाचला नाही.

[दृश्य: रुग्णालयाचा अपघात विभाग.]

अशी जखम फसवी असते. वरून भोक छोटं, आत सुळा हाडापर्यंत गेलेला. लाळेतले पाश्चुरेलासारखे जंतूही तितकेच खोल उतरतात. म्हणून डॉक्टर भराभर धुतात, टाके घालायची मात्र सहसा घाई करत नाहीत. धनुर्वाताची आणि रेबीजची लस लागते ती वेगळीच.

अस्वल चेहऱ्यावर येतं. हत्ती चावत नाही, ओरबाडत नाही. माजावर आला की दाबतो. बरगड्या, कंबरेचं हाड. आयुष्यभर त्याला खाऊ घालणारा माहूतही त्यातून सुटत नाही.

सर्कशीतला वाघ पाहिलेली पिढी मुंबईत अजून आहे. केंद्राच्या १९९८ च्या अधिसूचनेनं अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांचे खेळ बंद झाले. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश कायम ठेवला. ठीक झालं.

[दृश्य: पिंजऱ्याची मागची बाजू. लोखंडी सरकता दरवाजा, कुलूप.]

खरी जोखीम काचेपुढच्या माणसाची नाही, मागच्या दारानं झाडू घेऊन आत जाणाऱ्याची. वाघ आतल्या कोठडीत घ्यायचा. सरकता दरवाजा खाली, कुलूप, कुलूप ओढून बघायचं. मग जाळीतून जनावर डोळ्यांनी पाहायचं. जोडी असेल तर दोन्ही दिसली पाहिजेत. एकच दिसलं, तर झाडू बाहेरच.