भोवऱ्यांना खुंटा

[दृश्य : धंतोली, भर दुपार]

नवतपा सुरू आहे. नागपूर ४५ अंशांच्या पुढे तापलंय. आणि इथल्याच एका एमआरआय केंद्रात, भिंतीपलीकडे, उणे २६९ अंशांची थंडी आहे. यंत्राच्या पोटात द्रव हेलियममध्ये निओबियम-टायटॅनियमच्या तारेची गुंडाळी बुडालेली असते. एकदा सोडलेला प्रवाह तिच्यात वर्षानुवर्षं फिरत राहतो, कारण तारेला रोधच नाही, म्हणजे प्रवाहाला अडथळाच नाही. ही अतिवाहकता. १९११ साली लायडनमध्ये हाइक कॅमरलिंग ऑनेस यांना ती पहिल्यांदा दिसली.

पण मला विचाराल, तर खरं नवल पुढेच आहे. चुंबकीय क्षेत्र वाढलं, की ते अशा पदार्थात सूक्ष्म भोवऱ्यांच्या रूपानं शिरतं: क्षेत्राची एकेक बारीक नळी आणि तिच्याभोवती गरगरणारा प्रवाह. अलेक्सेई अब्रिकोसोव्ह यांनी १९५७ मध्ये हे गणितानं मांडलं. नोबेल मिळायला २००३ उजाडलं. वाहता प्रवाह या भोवऱ्यांना रेटतो. ते सरकले, की ऊर्जा खर्च होते आणि गेलेला रोध परत येतो. पदार्थ जितका निर्दोष, तितके भोवरे मोकाट! म्हणून संशोधक त्यात मुद्दाम दोष पेरतात. बैल खुंट्याला बांधावा, तसा भोवरा दोषाला अडकतो. एमआरआयच्या तारेतही टायटॅनियमचे काही नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे हेच काम करतात.

[दृश्य : पशुवैद्यकीय दवाखाना, द्रव नत्राचं पात्र]

हेलियम आपल्याला परदेशातून आणावा लागतो. द्रव नत्र मात्र हवेतूनच काढतात. कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच जपतात. तापमान उणे १९६. १९८७ मध्ये यिट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन यांचं एक संयुग सापडलं. ते उणे १८० च्या आसपासच अतिवाहक होतं, म्हणजे त्याला हे पात्र पुरतं. बनवायलाही फार अवघड नाही: पूड घोटा, गोळी दाबा, ९०० अंशांच्या पुढे भाजा, मग ऑक्सिजनच्या झोतात सावकाश निवू द्या.

अडचण अशी, की ते सिरॅमिक आहे. ठिसूळ. स्फटिक एकमेकांशी तिरके बसले, तर सांध्यावरच प्रवाह अडतो. म्हणून धातूच्या पट्टीवर त्याचा जेमतेम एक-दोन मायक्रोमीटरचा थर चढवतात, सगळे स्फटिक एका दिशेनं लावून. वाढत्या थरात बेरियम झिरकोनेट हे दुसरं सिरॅमिक मिसळलं, की त्याचे नॅनोस्तंभ आपणहून उभे राहतात, जवळपास भोवऱ्याच्या गाभ्याच्याच मापाचे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या चित्राकडे बघत राहिलो. स्तंभ कमी पडले तर भोवरे सुटतात. फार झाले तर अतिवाहकताच दुबळी होते.

[दृश्य : कोराडी, विजेचे मनोरे]

कोराडीहून निघालेल्या विजेचा काही भाग वाटेत तारा तापवण्यातच जातो. तिथे ही पट्टी वापरायची, तर ती किलोमीटरच्या हिशेबात लागेल, आणि हे स्तंभ तिच्या प्रत्येक मीटरमध्ये सारखेच उभे राहायला हवेत. बोटभर तुकड्यावर ते साधलंय. लांब पट्टीवर, परवडेल अशा दरात साधणं, हे काम अजून चालू आहे.