मीटर म्हणतो बारा व्होल्ट, मग हॉर्न मुका का?

(पत्र्यावरून पाणी टपकतंय. चिपळूण, बहादूरशेख नाक्याच्या बाजूचं एक छोटं गॅरेज. निवेदन सुरू)

सप्टेंबर संपत आलाय, पाऊस जातो जातो म्हणतोय पण जात काही नाही. गॅरेजला एक हॅचबॅक लागलीय, 2011 चं मॉडेल, तक्रार एकच, हॉर्न वाजत नाही. मालकाला उद्या कुंभार्ली घाटातून कराडला जायचंय, आणि त्या घाटातल्या वळणावर हॉर्न न देता गाडी घालायची म्हणजे समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरवर जीव सोपवायचा. गडी हुशार, येतानाच हॉर्नची नवीन जोडी घेऊन आलाय खोक्यासकट. "काका, एवढे बसवून द्या, दहा मिनिटांचं काम आहे."

काकांनी खोकं घेतलं आणि न उघडता बाकड्यावर ठेवून दिलं.

आता बघा, या गाडीला हॉर्न दोन, एक जाड आवाजाचा, एक बारीक. काकांनी विचारलं, दोन्ही एकदमच गेले का? हो म्हणाला, आधी आठवडाभर घोगरा येत होता, मग बंदच पडला. दोन वेगळे हॉर्न एकाच दिवशी सहसा मरत नाहीत, म्हणजे दोघांची जी सामायिक वाट आहे तिथेच कुठेतरी घोळ, एवढं तर पाना हातात न घेताच कळलं.

(क्लोजअप: फ्यूज बॉक्सवर टेकलेलं बोट)

चावी ऑन आहे, शिकाऊ पोरगा आत बसून हॉर्न दाबतोय आणि काका रिलेवर, म्हणजे फ्यूज बॉक्समधल्या स्विचच्या छोट्या डबीवर, बोट ठेवून उभेत. टक. परत टक. कानाला नाही आलं तरी बोटाला कळतं. स्टीअरिंगवरचं बटण हॉर्नला डायरेक्ट करंट देत नाही बरं का, एक हॉर्न चारेक अँपिअर खातो, दोन मिळून आठेक, एवढं सगळं त्या नाजूक बटणातून नेलं तर बटण किती दिवस टिकेल? म्हणून बटण फक्त रिलेच्या कॉइलचा मायनस जोडतं, तिथे करंट दीडशे मिलीअँपिअरच्या आसपास, आणि कॉइल आतला मोठा पॉइंट, म्हणजे स्विचची पट्टी, ओढून घेते, तोच तो टक आवाज. रिलेच्या पायांवर नंबर असतात, 85 आणि 86 कॉइलचे, 30 ला बॅटरीचा प्लस येतो, 87 मधून हॉर्नकडे जातो. हे नंबर जर्मन डिन स्टँडर्डचे, पण इथला शिकाऊ पोरगा पाढ्यासारखे म्हणून दाखवतो.

टक आला म्हणजे बटण आणि कॉइलची बाजू पास. नसता आला तर काकांनी बॉक्समधलाच दुसरा सेम नंबरचा रिले काढून इथे लावून बघितला असता, आणि तरी नाही तर रिले काढून 30 आणि 87 मध्ये वायरचा तुकडा लावला असता, हॉर्न वाजला तर पुढचं वायरिंग ठीक, दोष बटणाकडे. बटणाकडे म्हणजे बहुतेकदा क्लॉक स्प्रिंग, स्टीअरिंगच्या आत घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली चपटी पट्टी, हॉर्न आणि एअरबॅग दोन्हीची जोडणी तिच्यातूनच. हॉर्न बंद आणि एअरबॅगचा दिवाही पेटलेला असेल तर संशय तिच्यावरच. आणि इथे एक कळकळीचं सांगणं, एअरबॅगच्या वायरीला मीटर नाही, बल्ब नाही, काही लावायचं नाही. ज्याला येतं त्यालाच, बॅटरी काढून, काही मिनिटं थांबून, ते उघडू द्या.

असो. आपल्या गाडीत टक येतोय. मग काका पुढे बंपरच्या मागे हात घालतात, हॉर्नचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, काढतात, मीटरच्या दोन पिना दोन टोकांना, पोरगा दाबतो. 12.4 व्होल्ट.

मालक खूश. "बघा, करंट येतोय ना, म्हणजे हॉर्नच गेलेत!"

नव्वद टक्के लोक इथेच फसतात, मी पण फसलो असतो. मीटर करंट जवळपास ओढतच नाही, त्यामुळे वायरीची एक तार जरी शिल्लक असेल, बोल्टवर गंजाचा थर असेल, तरी तो बिनधास्त बारा दाखवतो. काकांनी ड्रॉवरमधून इंडिकेटरचा 21 वॅटचा जुना बल्ब काढला, दोन वायरी आधीच झाळलेल्या, तो त्याच दोन टोकांना लावला.

(क्लोजअप: बल्ब. नुसती लालसर तार)

पेटला म्हणायचं की नाही तेच कळत नाही. बल्ब तसाच ठेवून परत मीटर लावला तर 5.2 व्होल्ट. मग बाकीचे गेले कुठे? एक पिन बॅटरीच्या प्लसला, दुसरी बल्बच्या प्लसला, 0.4, ठीक आहे, एवढं चालतं. मग एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी बल्बच्या मायनसला. 6.8. बेरीज करा, बरोब्बर 12.4. अर्ध्याहून जास्त व्होल्टेज मायनसच्या वाटेवर खाल्लं जातंय.

मी विचारलं, हॉर्न लावूनच का नाही मोजलं? तर म्हणाले हॉर्न म्हणजे आपली शाळेतली बेल, कॉइल पडदा ओढते, पडदा आला की पॉइंट सुटतो, करंट तुटतो, पडदा परत जातो, सेकंदाला चारशेच्या आसपास वेळा. मीटरचे आकडे नाचतात. बल्ब नाचत नाही.

काळी वायर धरून काका मागे मागे जातात आणि रेडिएटरच्या आधाराच्या पत्र्यावर एका दहा नंबरच्या बोल्टपाशी थांबतात. बोल्ट काय, तपकिरी गोळा झालाय. पान्याने सोडवला तर थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाचं बोल्टात अडकवायचं कडं, हातातच आलं, वायरीच्या टोकाला हिरवी पावडर. दोन्ही हॉर्नची अर्थिंग, म्हणजे मायनस वायर बॉडीला जोडायची जागा, हीच एक. खाऱ्या हवेत आणि या पावसात हे नवीन नाही, 22 जुलै 2021 च्या पुरानंतर तर काकांनी असे बोल्ट किती सोडवले त्याचा हिशोबच नाही.

वायर चांगल्या तांब्यापर्यंत मागे कापली, नवीन थिंबल दाबलं, पत्रा पॉलिश पेपरने पांढरा होईपर्यंत घासला, बोल्ट नवीन, वरून ग्रीस. बल्ब लावला, आता डोळ्याला लागतो. मायनसच्या बाजूला 0.1.

कपलर लावला. पोराने दाबला. बाकड्याखालचं कुत्रं उठून थेट रस्त्यावर.

मालकाने खोकं उचलून डिकीत टाकलं, पाकीट काढलं आणि मग थांबला. "पण काका, हॉर्न तर बदललाच नाही, मग दोनशे कसले?"

काकांनी ते हिरवं थिंबल त्याच्या तळहातावर ठेवलं आणि पुढच्या रिक्षाचं सीट उचलायला गेले.