नाथसागराची वीज

पैठणला नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, भरत आला की नदीकाठच्या गावांना इशारा जातो: गुरं, पाण्याच्या मोटारी, पाइप वर घ्या. मग भोंगा वाजतो, २७ दरवाज्यांपैकी काही अर्धा-अर्धा फूट उचलले जातात आणि फेसाळलेलं पाणी गोदावरीत झेपावतं. ते बघायला लांबून माणसं येतात. धरणाच्या पायथ्याशी असलेल्या वीजघराकडे मात्र कुणाचं फारसं लक्ष जात नाही.

१८ ऑक्टोबर १९६५ला पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची पायाभरणी केली. २४ फेब्रुवारी १९७६ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. मराठवाड्याला हक्काचं पाणी मिळावं म्हणून शंकरराव चव्हाणांनी या धरणाचा ध्यास घेतला होता. मातीची भिंत जवळपास १० किलोमीटर लांब, उंची मात्र ४१ मीटरच्या आसपास. विजेची अडचण इथेच आहे. पाणी जितक्या उंचावरून पडेल तितका त्याचा जोर. कोयनेचं पाणी सह्याद्रीतून थेट कोकणात उतरतं, म्हणून तिथे १,९६० मेगावॅटची क्षमता उभी राहिली. पैठणची गोदावरी सपाटीवरून वाहते. इथलं जनित्र १२ मेगावॅटचं.

पण या यंत्राची रचना फार सुंदर आहे. विजेची मागणी वाढली की नाथसागराचं पाणी टर्बाइन फिरवून खाली उतरतं आणि नदीतल्या बंधाऱ्यात अडतं. मागणी ओसरली की बाहेरची वीज घेऊन तेच यंत्र उलटं फिरतं, पाणी पुन्हा वर चढवतं. चढवायला वीज जास्त लागते, तरी ऐन गरजेच्या वेळी दिवे लागतात आणि पाणीही हातचं जात नाही.

जिंतूर तालुक्यातल्या येलदरीची गोष्ट वेगळी. पूर्णेवरचं हे धरण साठ्याने जायकवाडीच्या साधारण एक तृतीयांश, पण वीजघर २२.५ मेगावॅटचं. इथे वीज करून सुटलेलं पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जमा होतं, तिथून कालव्याने परभणी, हिंगोली, नांदेडच्या शिवारात जातं. एकाच पाण्याचा दोनदा उपयोग. मराठवाड्याला परवडणारी वीज ती हीच.

कारण दुष्काळात इथे थेंबाथेंबाचा हिशेब असतो. उथळ, पसरट नाथसागर उन्हाळ्यात वाफेनेच किती आटतो! पाणी मागे सरकलं की उघड्या पडलेल्या ओल्या गाळावर लोक गाळपेर करतात. त्यातली कितीतरी जमीन धरणात गेलेल्या गावांचीच. १५ ऑक्टोबरला उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या अंगाला असलेल्या नगर-नाशिककडच्या धरणांतून पाणी सोडायचं, हा पाणीवाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीचा निकष. त्यावरून आंदोलनं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. अशा वर्षी आधी पिण्याचं पाणी, मग शेती आणि वीज सगळ्यांत शेवटी. हा क्रम योग्यच आहे.

भरल्या वर्षी मात्र वीजघराची खरी पाळी येते. जादा झालेलं पाणी सोडावंच लागतं. त्यातलं साधारण दीड हजार क्युसेक वीजघरातून जाऊ शकतं, बाकीचं दरवाज्यांतून. म्हणून पावसाळा तोंडावर येण्याआधी या यंत्राची देखभाल-दुरुस्ती उरकलेली असलीच पाहिजे. पूर आल्यावर सुटे भाग शोधत बसलो तर ते दीड हजार क्युसेकही वीज न देताच नांदेडच्या पुढे निघून जाईल.