कोणता फोन घेऊ? आधी बॅटरी बघा

नमस्कार श्रोतेहो.

दसरा-दिवाळी जवळ आली की घराघरांत एक प्रश्न हमखास निघतो, कोणता फोन घेऊ? विचारणाऱ्याच्या मनात दोन-तीन नावं आधीच असतात. एकाचा कॅमेरा जास्त मेगापिक्सेलचा, दुसरा दोन हजारांनी स्वस्त आणि तिसरा भाच्याने सुचवलेला. या तिघांतून कसं निवडायचं ते आज बोलूच. पण त्याआधी एक विचारतो. हातातल्या फोनचं नक्की काय बिघडलंय? ‘स्लो झालाय, हँग होतो’ एवढं उत्तर पुरत नाही. स्लो कशामुळे झालाय, हे कळल्याशिवाय नवा घेऊ नये.

याच एका प्रश्नावरून २०१७ च्या डिसेंबरात ॲपल कंपनीला ग्राहकांची जाहीर माफी मागावी लागली होती. ती हकीकत जरा सविस्तर सांगतो. तुमचा फोन ॲपलचा नसला तरी ऐका, कारण बॅटरी सगळ्यांच्याच फोनात असते.

आयफोन ६एस बाजारात आला सप्टेंबर २०१५ मध्ये. वर्षभराने, २०१६ च्या शेवटाकडे, लोकांच्या तक्रारी सुरू झाल्या. बॅटरी तीस-चाळीस टक्के दाखवते आणि फोन अचानक बंद पडतो. चार्जर लावला की लगेच चालू होतो आणि पुन्हा तेच तीस टक्के दाखवतो. कंपनीने नोव्हेंबर २०१६ मध्ये सांगितलं की सप्टेंबर-ऑक्टोबर २०१५ मध्ये बनलेल्या काही फोनांच्या बॅटरीत दोष आहे, त्या फुकट बदलून देऊ. पण बंद पडणारे फोन तेवढेच नव्हते. मग जानेवारी २०१७ मध्ये एक अपडेट आलं, १०.२.१ क्रमांकाचं. त्यानंतर ६एस अचानक बंद पडण्याचं प्रमाण ८० टक्क्यांनी घटलं, असं कंपनीने जाहीर केलं. विषय मिटला असं सगळ्यांना वाटलं.

आता तीस टक्के चार्ज असताना फोन बंद का पडतो, ते समजून घेऊ. गच्चीवरची टाकी अर्धी भरलेली आहे, पण पाइप आतून गंजून बारीक झालाय. एक नळ सोडला तर पाणी येतं. तीन नळ एकदम सोडले की धार तुटते. जुन्या बॅटरीचं तसंच होतं. चार्ज शिल्लक असतो, पण बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे करंटला आतून होणारा अडथळा, वाढलेला असतो. कॅमेरा उघडला, गेम लावला, की प्रोसेसर, म्हणजे फोनचा मेंदू, क्षणात जास्त करंट मागतो. तो देताना बॅटरीचा व्होल्टेज एकदम खाली येतो आणि सर्किट वाचवण्यासाठी फोन स्वतःला बंद करतो. थंडीत हा रोध आणखी वाढतो, म्हणून हिवाळ्यात हा त्रास जास्त दिसतो.

मग त्या अपडेटने नेमकं काय केलं? बॅटरी तर तीच होती.

उत्तर कळायला अकरा महिने गेले. डिसेंबर २०१७ मध्ये एका ग्राहकाने रेडिट या चर्चेच्या वेबसाइटवर लिहिलं. त्याचा ६एस फार मंद झाला होता. इतका, की त्याच्या भावाचा त्याहून जुना आयफोन ६ प्लस जास्त वेगात चाले. त्याने गीकबेंच नावाच्या ॲपवर फोनचा वेग मोजला. सिंगल कोअरचे, म्हणजे प्रोसेसरच्या एकाच गाभ्याच्या वेगाचे, गुण आले १४६६. मग त्याने फक्त बॅटरी बदलली. बाकी फोन तोच, प्रोसेसर तोच, आतलं सॉफ्टवेअर तेच. पुन्हा मोजलं तर गुण आले २५२६. पुन्हा सांगतो: जुनी बॅटरी १४६६, नवी बॅटरी २५२६.

हे गीकबेंच ॲप बनवणारी कंपनी कॅनडातल्या टोरांटोची, प्रायमेट लॅब्स. तिचे संस्थापक जॉन पूल यांच्याकडे असंख्य आयफोनांच्या वेगाच्या नोंदी होत्या. लोक ॲप वापरतात आणि त्यांचे गुण तिथे साठतात. पूल यांनी त्या नोंदींचे आलेख काढले आणि १८ डिसेंबरला प्रसिद्ध केले. हा आलेखच या हकीकतीचा जीव आहे. जानेवारीच्या अपडेटच्या आधी ६एसच्या आलेखात एकच उंच शिखर होतं. म्हणजे जवळजवळ सगळे फोन सारख्याच वेगाने चालत होते. अपडेटनंतर त्या शिखराच्या डाव्या बाजूला, कमी वेगाकडे, आणखी छोटी छोटी शिखरं उगवली. आणि पुढच्या ११.२ या अपडेटमध्ये ती आणखी ठळक झाली. फोन आपोआप झिजून मंदावले असते तर गुण कसेही विखुरले असते, ठरावीक जागी शिखरं दिसली नसती. ठरावीक वेगांवर गर्दी झाली, याचा अर्थ तो वेग कोणीतरी आतून बांधून दिला होता.

दोनच दिवसांनी, २० डिसेंबरला, कंपनीने मान्य केलं. बॅटरी जुनी झाली की प्रोसेसरची एकदम करंट मागणारी झेप कमी करायची, म्हणजे फोन बंद पडणार नाही, अशी व्यवस्था त्या अपडेटमध्ये होती. २८ डिसेंबरला माफीचं पत्र आलं. वॉरंटी संपलेल्या फोनची बॅटरी बदलण्याचा अमेरिकेतला दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. भारतात साडेसहा हजारांचे दोन हजार झाले, कर वेगळा. मार्च २०१८ मध्ये बॅटरीची तब्येत टक्क्यांत दाखवणारी सोय आयफोनच्या सेटिंगमध्ये आली आणि वेग आवरणारी ती व्यवस्था बंद करण्याचा पर्यायही दिला. पुढे खटले झाले. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ग्राहकांशी जास्तीत जास्त ५० कोटी डॉलरची तडजोड ठरली, कायद्याने आपण चुकलो असं मात्र कंपनीने मान्य केलं नाही.

तांत्रिकदृष्ट्या त्या अभियंत्यांचा निर्णय बरोबर होता, असं माझं मत आहे. रस्त्यात, रात्री, अडीअडचणीला फोन बंद पडण्यापेक्षा हळू चाललेला बरा. पण हे ग्राहकाला सांगितलं नाही, हा अन्याय होता. ‘तुमची बॅटरी थकली आहे’ एवढं एक वाक्य पडद्यावर आलं असतं तर किती लोकांनी चाळीस-पन्नास हजारांच्या फोनऐवजी नुसती बॅटरी घेतली असती! आणि घेतलीच. २ जानेवारी २०१९ रोजी ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहिलं. आयफोनची विक्री अपेक्षेपेक्षा कमी का झाली, याची कारणं त्यात दिली होती. त्यात चीनची मंदी होती, इतर गोष्टी होत्या, आणि एक कारण हेही होतं की लोकांनी स्वस्तात बॅटरी बदलून घेतल्या. बॅटरी बदलली की फोन पुन्हा चालतो, याची साक्ष खुद्द फोन विकणाऱ्याने दिली.

तर मुद्दा हा की आधी बॅटरी बघा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये बॅटरी आणि त्यात बॅटरी हेल्थ. ८० टक्क्यांच्या खाली आकडा असेल तर बॅटरी बदलायची वेळ झाली. सॅमसंगवर ‘सॅमसंग मेंबर्स’ ॲप उघडा, त्यात फोन डायग्नोस्टिक्समध्ये बॅटरीची स्थिती कळते. बाकीच्या फोनांवर लक्षणं ओळखा. वीस-तीस टक्क्यांवर फोन बंद पडतो, चार्जर लावताच आकडा उडी मारतो, दुपारीच चार्ज संपतो. आणि मागचं झाकण उचललं गेलं असेल, कडेला फट दिसत असेल, तर बॅटरी फुगली आहे. मग तो फोन चार्जिंगला लावू नका, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, त्याच दिवशी सर्व्हिस सेंटरला न्या. मध्यम किमतीच्या अँड्रॉइड फोनची बॅटरी अधिकृत सेंटरमध्ये बहुतेक वेळा हजार ते अडीच हजारांत बदलून मिळते. आयफोनला याहून बरेच जास्त लागतात. नाक्यावरची तीनशेची बॅटरी घेऊ नका.

बॅटरी ठीक असेल तर स्टोरेज बघा. फोन नव्वद टक्क्यांवर भरला की लिहिण्याचा वेग पडतो आणि सगळंच अडखळतं. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’, त्यात ‘मॅनेज स्टोरेज’. सुप्रभातची चित्रं आणि फॉरवर्ड झालेले व्हिडिओ तिथे मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने दिसतात. १५ टक्के जागा मोकळी करा आणि फोन एकदा बंद करून चालू करा.

एवढं करूनही भागलं नाही, किंवा फोनला सुरक्षा अपडेट येणंच थांबलं असेल, तर नवा घ्या. ज्या फोनवर यूपीआय आणि बँक आहे त्याला सुरक्षा अपडेट मिळत नसतील, तर तो कितीही छान चालत असला तरी बदलायला झाला.

नवा निवडताना पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा नाही. पहिला प्रश्न: अपडेट किती वर्षं, आणि मोजायची कधीपासून? गूगलने पिक्सेल ८ पासून सात वर्षं दिली, सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ ला सात. कमी किमतीच्या अनेक फोनांना तीन-चारच मिळतात. आणि ही वर्षं तुम्ही विकत घेतल्या दिवसापासून नाही, फोन बाजारात आला त्या दिवसापासून मोजतात. एस२४ आला जानेवारी २०२४ ला, म्हणजे जानेवारी २०३१ पर्यंत. तोच कोणी २०२६ च्या दिवाळीत सवलतीत घेतला तर हातात सात नाही, जेमतेम सव्वाचार वर्षं उरतात. किंमत भागिले उरलेली वर्षं, हा भागाकार दुकानात उभ्या उभ्या करा. पंधरा हजारांचा फोन तीन वर्षं, तर वर्षाला पाच हजार. चोवीस हजारांचा सहा वर्षं, तर वर्षाला चार हजार.

दुसरं, रॅम, म्हणजे चालू कामासाठी फोन वापरतो ती तात्पुरती जागा. जाहिरातीत ‘आठ अधिक आठ, सोळा जीबी’ लिहिलेलं असतं. त्यातली खरी रॅम आठच. उरलेली आठ स्टोरेजमधून उसनी घेतलेली, आणि स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी मंद असतं. आठच समजा. स्टोरेज १२८ जीबीच्या खाली नको, आणि ते यूएफएस या वेगवान जातीचं आहे ना हे तपशिलात वाचा. अगदी स्वस्त फोनांत ईएमएमसी हे मंद जातीचं स्टोरेज घालतात, तो फोन नवा असतानाच रखडतो.

कॅमेऱ्याचं एवढंच, की १०८ किंवा २०० मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नका. तो सेन्सर अनेक ठिपके एकत्र करून बाराएक मेगापिक्सेलचाच फोटो देतो, आणि ते योग्यच आहे. हात हलल्यावर लेन्स सावरणारी सोय, ओआयएस, आहे का ते बघा. रात्रीच्या आरतीचा फोटो त्याच्यावर ठरतो. दोन मेगापिक्सेलची जादा लेन्स नुसती मोजणीला असते.

५जी हवं असेल तर सिमप्रमाणे विचार करा. जिओचं ५जी स्टँडअलोन प्रकारचं, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणारं आहे, फोनला ते चालायला हवं. आणि गावाकडे राहत असाल तर एन२८ बँड आहे ना हे बघा. ७०० मेगाहर्ट्झचा हा बँड लांब जातो, भिंतीतून आत येतो. एन७८ वेगवान, पण पल्ला कमी.

इथे एक बोलल्याशिवाय राहवत नाही. बऱ्याच फोनांतून एफएम रेडिओ काढून टाकलाय, हे मला मुळीच मान्य नाही. वायरचा हेडफोन हाच रेडिओचा अँटेना. हेडफोनचं छिद्र गेलं, त्याबरोबर रेडिओ गेला. पूर आला, टॉवर बंद पडले, इंटरनेट गेलं, तेव्हाही एफएम ऐकू येतो. केंद्र सरकारने २०२३ मध्ये कंपन्यांना फोनात एफएम चालू ठेवायला सांगितलंही होतं. ज्याच्यात रेडिओ आणि साडेतीन मिलिमीटरचं छिद्र दोन्ही आहेत असा फोन तुमच्या बजेटात असेल, तर त्याला माझं मत एक जास्त.

पैसे देण्याआधी दुकानदाराला दोन गोष्टी विचारा. याचा डिस्प्ले फुटला तर कितीला पडेल? आणि अधिकृत सर्व्हिस सेंटर तालुक्याला आहे का, की जिल्ह्याला जावं लागेल? बॉक्समध्ये चार्जर आहे का तेही बघा, अनेक कंपन्या आता देत नाहीत. ‘नो कॉस्ट’ हप्ता घेत असाल तर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी बहुधा तुम्हीच भरता. कोणी वापरलेला जुना फोन घेत असाल तर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबा, आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, दिसेल. मेसेजमध्ये केवायएम, मोकळी जागा आणि तो नंबर लिहून १४४२२ वर पाठवा. फोन ब्लॉक केलेला असेल तर तिथेच कळतं.

नवा फोन आला की जुना लगेच कोणाला देऊन टाकू नका, आठवडाभर जवळ ठेवा. यूपीआय नव्या फोनवर सुरू करताना बँकेत नोंदवलेलं सिम त्याच फोनात हवं, आणि त्यातून एक एसएमएस जातो. एसएमएसपुरती शिल्लक नसेल तर गाडी तिथेच अडते. काही बँका पहिले २४ तास रकमेवर मर्यादाही ठेवतात, म्हणून भाडं किंवा फी भरायच्या दिवशी फोन बदलू नका. व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर घेतला असेल तर तो अँड्रॉइडवरच परत येतो, आयफोनवर येत नाही. तिकडे जायचं असेल तर ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲप लागतं, आणि तेही नवा आयफोन पहिल्यांदा सुरू करतानाच.

हे सगळं नव्या फोनवर नीट आलं, की जुन्या फोनच्या सेटिंग्जमधून आधी गूगल खातं काढा आणि मग रीसेट मारा. आधी खातं, मग रीसेट. खातं तसंच ठेवून बटणं दाबून रीसेट मारला, तर ज्याला फोन द्याल त्याच्याकडे तो तुमच्याच जीमेलचा पासवर्ड मागत बसेल.

नमस्कार.