सडपातळ माणसाचे यकृत

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या कोल्हापुरात सोनोग्राफीच्या अहवालातील ‘फॅटी लिव्हर’ या दोन शब्दांनी गोंधळलेली माणसे मला वारंवार भेटतात, आणि त्यांतील सडपातळ माणसांचा प्रश्न बहुधा एकच असतो: अंगावर चरबी नाही, मग यकृतात ती आली कुठून? अमेरिकेतील येल विद्यापीठाचे डॉ. जेराल्ड शुलमन यांच्या संशोधनात मला याचे सर्वांत पटणारे उत्तर मिळाले.

जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा इन्सुलिनच्या मदतीने स्नायूंमध्ये ग्लायकोजेन म्हणून साठतो. एमआरआयच्याच तत्त्वावर चालणाऱ्या पद्धतीने, स्नायूचा तुकडा न काढता, शुलमन यांनी ही साठवण मोजली आणि टाइप 2 मधुमेहात ती निम्म्याहून कमी वेगाने होते, हे 1990 साली दाखवून दिले. त्यांच्या मते यामागे डायअसिलग्लिसरॉल नावाचा चरबीचा एक घटक आहे; तो पेशीत साचला की एक विकर (एन्झाइम) चेतवले जाते आणि इन्सुलिनचा निरोप पुढे पोहोचत नाही. सेरामाइडसारख्या दुसऱ्या चरबीला अधिक दोष देणारे संशोधकही आहेत, आणि तो वाद अजून मिटलेला नाही.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो यापुढचा भाग. स्नायूंनी साखर घेतली नाही, तर ती यकृताकडे वळते आणि यकृत तिची चरबी करते. निरोगी, सडपातळ तरुणांमध्येही हे घडते, असे याच गटाने 2007 साली दाखवले. त्याआधी 2006 मध्ये त्यांनी सडपातळ भारतीय वंशाच्या तरुणांची तुलना गोऱ्या तरुणांशी केली होती. त्यात भारतीयांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याचे प्रमाण तीन ते चार पट आणि यकृतातील चरबी सुमारे दुप्पट आढळली. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आपल्या लोकांच्या दिसायला बारीक पण आतून चरबीयुक्त शरीराविषयी अनेक वर्षे सांगत आले आहेत, त्याच्याशी हे जुळते.

येथे गुळाविषयी बोलणे भाग आहे, कारण साखर सोडून गूळ घेतला की यकृत सुरक्षित राहते, अशी समजूत आपल्याकडे पक्की आहे. गुऱ्हाळावरच्या ताज्या गुळाची गोडी मलाही प्रिय आहे. पण गुळातही मुख्यतः सुक्रोजच, म्हणजे आपली नेहमीची साखरच असते, त्याचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो, आणि फ्रुक्टोजचा मोठा भार यकृतावरच पडतो.

तालमीत घाम गाळणाऱ्या मल्लाच्या स्नायूंतील साठा रोज रिकामा होतो, म्हणून त्यांत साखरेला जागा मिळते. आपल्यासारख्यांना जोर-बैठकांची सक्ती नाही. शुलमन यांच्याच गटाच्या 2011 मधील प्रयोगात केवळ एकदा, 45 मिनिटे व्यायाम केल्यावर, पुढच्या जेवणानंतर यकृतात नव्याने चरबी तयार होण्याचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांनी घटले. रंकाळ्याकाठी भरभर चालण्यालाही तेवढाच वेळ लागतो. मात्र इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधे घेणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

आणि ज्यांचे वजन खरोखरच जास्त आहे, त्यांच्यासाठी याच गटाचा 2005 मधील निष्कर्ष सांगतो. टाइप 2 मधुमेह असलेल्या स्थूल व्यक्तींचे वजन सरासरी 8 किलोच्या आसपास उतरले, तेव्हा स्नायूंतील दोष फारसा बदलला नव्हता, पण यकृतातील बरीचशी चरबी निघून गेली होती आणि उपाशीपोटीची साखर पूर्वपदावर आली होती.