अदक, अयाक, उरा: तुर्की भाषांमधला पाय

इस्तंबूलच्या बाजारात जोड्यांच्या दुकानावरची पाटी वाचा: 'अयाक्काबी'. 'अयाक' म्हणजे पाय, 'काप' म्हणजे भांडं. पाय ठेवायचं भांडं! कझाक माणूसही पायाला 'अयाक'च म्हणतो, उझबेक 'ओयोक'. या सगळ्या एकाच तुर्की भाषाकुळातल्या भाषा, त्यामुळे इथपर्यंत सगळं सरळ आहे.

आता सायबेरियात चला. खाकास लोकांचा पाय 'अझाख', याकूतांचा 'अताख'. आणि व्होल्गाकाठच्या चुवाश भाषेत थेट 'उरा'. हा 'उरा' अयाकचा सख्खा भाऊ, हे सांगून खरं वाटणार नाही.

गोम आहे मधल्या व्यंजनात. या कुळातल्या जुन्या तुर्की भाषेत हा शब्द होता 'अदक'. त्यातला 'द' सैल पडला आणि ज्याच्या त्याच्या जिभेने त्याला वेगळं वळण दिलं. बहुतेकांकडे 'य', खाकासांकडे 'झ', चुवाशांकडे 'र'. याकूतांनी मात्र त्याचा 'त' केला. हे एका पायापुरतंही नाही. जुन्या तुर्कीतलं अस्वल 'अदिग', आज तुर्कस्तानात ते 'अयी' आहे. म्हणूनच तुर्की भाषांच्या शाखा पाडताना अभ्यासकांनी पायाचा शब्द कसोटीला लावला.

काश्गरच्या महमूदला ही गंमत 11व्या शतकातच दिसली होती. 1070च्या दशकात त्याने बगदादमध्ये तुर्की शब्दांचा कोश रचला, अरबीतून. चिगिल टोळीचे लोक 'अधक' म्हणतात, व्होल्गाकाठचे बुल्गार 'अझाक', असं त्यात नोंदवलंय. या कोशाची एकच हस्तलिखित प्रत उरली, 1266 सालची. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ती इस्तंबूलच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात अली एमिरी या ग्रंथवेड्या गृहस्थाच्या हाती लागली, म्हणून वाचली.

मध्य इराणात खलज ही तुर्की कुळातली भाषा बोलणाऱ्या गावांत तर पायाला 'हदाक' म्हणतात. 'द' जसाच्या तसा, वर सुरुवातीला 'ह'. जर्मन भाषातज्ज्ञ गेरहार्ड डोएर्फर यांनी 1968पासून ही भाषा अभ्यासली. त्यांच्या मते हा 'ह' म्हणजे अतिप्राचीन 'प'चा अवशेष. म्हणजे मूळ शब्द 'पदक'सारखा काहीतरी!

इथे मराठी कान टवकारणारच. संस्कृतातले 'पद', 'पाद'. आपल्याही 'पाद'मधला 'द' झिजूनच 'पाय' झालाय. पण सोयरीक जुळवायची घाई नको. दोन स्वरांमध्ये सापडलेला 'द' जगात कुठेही झिजतो, त्याला रक्ताचं नातं लागत नाही. आणि तो 'प' कुठल्याही शिलालेखात कोरलेला नाही, अभ्यासकांनी मागे जाऊन मांडलेला आहे. डोएर्फर यांचा 'ह'बद्दलचा दावासुद्धा सगळ्या तुर्कतज्ज्ञांना पटलेला नाही.